आरोग्याचा निर्णय कोणाचा?



आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. साकोलीकडची कितीतरी तळी जुन्या काळी कोहळी मंडळींनी बांधली. कोणत्या बांधीला पाणी केव्हा सोडायचे, पाळ फुटली तर माती कोणी टाकायची, हे गावकरी आपसांत बसून ठरवीत. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि 'माजी मालगुजारी' म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. निर्णय गावाबाहेर गेला, आणि पुष्कळ तळ्यांत गाळ साचत राहिला.

पाण्याच्या बाबतीत हे आपल्याला लगेच पटते. पण दवाखाना कसा असावा, कोणत्या रोगाकडे आधी पाहावे, हेही गावानेच ठरवावे असे कोणी म्हटले, तर आपण चमकतो. 'अहो, ते डॉक्टरांचे काम. त्यात गोंड-हलब्यांना काय कळणार?' असे सहज बोलून जातो. या समजुतीला इतिहासाने काय उत्तर दिले आहे, ते आज पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. साकोलीहून लाखांदूर, वडसा, आरमोरी असे दक्षिणेला उतरले की गडचिरोली येते.

हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पुढे दोनच वर्षांनी, १९८४ साली, इंचमपल्ली व भोपालपटनम या नियोजित धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्याबरोबर गोंडांचे वडीलधारे पुढारी लालश्याम शाह होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या जंगलाविषयी आपल्याला विचारल्यावाचून कोणी ठरवू नये, ही त्या लढ्याची शिकवण होती.

ती शिकवण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने मनावर घेतली. देवाजी तोफा हे तिथले पुढारी. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. पण नुसत्या घोषणेने गाव चालत नाही. मेंढ्याने दोन गोष्टी केल्या. एक, प्रश्न समजून घेण्यासाठी अभ्यासगट काढला. त्यात बाहेरचे जाणकारही येऊन बसत. दुसरी, निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वांच्या संमतीने घ्यायचा. जाणकाराने माहिती द्यावी, ठरवावे गावाने, अशी ही वाटणी झाली.

आता आरोग्याकडे वळू. नागपूरला वैद्यक शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी आदिवासींनाच विचारला. उत्तरे ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरे कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. रोग्याला आत घेता आणि घरच्यांना बाहेर काढता. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे?

याला अडाणीपणा म्हणून सोडून देणे सोपे होते. पण नीट पाहिले तर यातली प्रत्येक गोष्ट सुधारता येण्यासारखी होती. म्हणून शोधग्राम येथे जो दवाखाना उभा राहिला, तो गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचा. रोग्याजवळ घरच्यांनी राहायची सोय झाली. नाव दिले माँ दंतेश्वरीचे, कारण ती त्यांची देवी. औषध बदलले नाही, शस्त्रक्रियाही बदलली नाही. पण रोगी येऊ लागला. पुढे शोधग्रामात आदिवासींच्या आरोग्यसभा भरू लागल्या आणि कोणत्या दुखण्याकडे आधी लक्ष द्यावे, हे त्यांत सांगितले जाऊ लागले.

दुसरे उदाहरण दारूचे. मोहाच्या दारूला गोंडांच्या देवकार्यात स्थान आहे, म्हणून बाहेरून लादलेली बंदी तिथे टिकत नाही. मेंढ्यात या प्रश्नावर बायकांनी पुढाकार घेतला. इतर गावांतही दुकानांच्या दारूविरुद्ध आवाज उठला. जिल्हाभर चळवळ झाली आणि १९९३ साली शासनाने गडचिरोलीत दारूबंदी केली. चोरटी दारू त्यानंतरही राहिली, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच २०१६ पासून 'मुक्तिपथ' या कार्यक्रमात पुन्हा गावागावांच्या संघटना बांधाव्या लागल्या. कायद्याला गावाचा पहारा लागतो, हा त्यातला धडा.

तिसरे उदाहरण तान्ह्या बाळांचे. बाळंतपणे बहुतेक घरीच होत. तेव्हा ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणत. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई या पद्धतीने घरोघर जाऊ लागल्या. योजना डॉक्टरांची खरी, पण विश्वास गावच्या बाईवर टाकला, म्हणून ती फळाला आली.

हा विचार जगानेही मानलेला आहे. १९७८ साली आल्मा-आता येथील परिषदेने जाहीर केले की, आपल्या आरोग्यसेवेची आखणी आणि अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. आपल्याकडे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. दारूवर बंदी वा नियंत्रण आणण्याचा अधिकार त्यांत आहे. आदिवासी आरोग्यावरील तज्ज्ञ समितीने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली २०१८ साली केंद्राला अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण हिवतापाच्या मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे निम्मा, असे चित्र त्यातून पुढे आले. जो सर्वांत जास्त सोसतो, त्याचा शब्द निर्णयात सर्वांत कमी असावा, हे कोणत्या न्यायात बसते?

कोणी म्हणेल, सर्वांना विचारत बसले तर रोगी वाचायचा कधी? शंका रास्त आहे. साथ आली तर लस टोचायला सर्वसंमतीची वाट पाहत बसता येत नाही. पण साथ येण्याआधी गावाचा विश्वास मिळवलेला असेल, तर लस टोचणाऱ्याला दार उघडे मिळते. दुसरी शंका याहून खोल आहे. ग्रामसभेत बायका आणि गरीब गप्पच बसले, तर तो निर्णय गावाचा कसा म्हणायचा? मेंढ्याच्या सर्वसंमतीचा अर्थ इथेच कळतो. जो गप्प आहे, त्याला बोलते केल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आपला साकोली तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. पेसा इथे लागू होत नाही. पण ग्रामसभा आपल्याकडे आहे, आशाताई आहेत, आणि गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी समितीची तरतूदही आहे. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे, तिची बैठक कधी झाली, तिथे गोंड टोलीवरचे कोणी होते का, एवढे तरी आपण विचारू शकतो. गुरुजींनी वरच्या वर्गातल्या मुलांना ही माहिती गोळा करायला सांगावी. नागरिकशास्त्राचा एक धडा त्यातून आपोआप होईल, आणि पुढच्या ग्रामसभेत विचारायला गावाजवळ नेमके प्रश्न असतील.