विमानाचे तिकीट आणि बेत बदलण्याचा हक्क



विमानाच्या तिकिटावर मी बोलणार, हे ऐकून एका मित्राने विचारले, "अहो, साक्रीची एस.टी. वेळेवर मिळाली तरी आम्ही देवाचे आभार मानतो. तुम्ही विमानाचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे, तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या एका प्रकरणात मी सुनावणीसाठी दिल्लीला गेलो. तिकीट युनियनच्या वर्गणीतून, महिनाभर आधी काढलेले, अर्थातच सर्वांत स्वस्त. सुनावणी दोन दिवस पुढे गेली. मालकपक्षाच्या वकिलांनी उभ्या उभ्या फोन करून परतीचे तिकीट बदलून घेतले. त्यांना जादा पैसा पडला नाही. माझे तिकीट बदलायचे तर दंड आणि त्या दिवशीच्या भावातला फरक मिळून मूळ किमतीहून अधिक रक्कम होत होती. मी तिकीट सोडून दिले आणि रेल्वेच्या जनरल डब्यातून परत आलो. आम्ही दोघे एकाच विमानाने गेलो होतो. मग बेत बदलण्याची मुभा त्यांना आणि मला नाही, हे कोणी आणि केव्हा ठरवले? मी शाळेत फारसा शिकलेला नाही. प्रश्न पडला की वाचतो. जे वाचले ते आपल्यापुढे ठेवतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. पुढे टपालाबरोबर उतारूही आले, आणि १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. भाडे सरकारच्या संमतीने ठरे आणि ते पुष्कळसे एकसारखे असे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या आपल्या एस.टी.चा न्यायही तोच: टप्प्याप्रमाणे भाडे, मग माणूस आधी येवो की शेवटी. मात्र त्या विमानात बसत कोण? मंत्री, मोठे अधिकारी आणि व्यापारी. समता होती, पण ती माडीवरची. तेव्हा जुना काळ सोन्याचा होता, असे मी म्हणणार नाही.

खरी उलथापालथ अमेरिकेत झाली. तेथेही भाडे सरकारी मंडळ ठरवी आणि विमाने बऱ्याचदा अर्धी रिकामी उडत. रिकामी खुर्ची म्हणजे बाजार उठताना उरलेली मेथीची जुडी. विमान उडाले की तिची किंमत शून्य. १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने 'सुपर सेव्हर' नावाची स्वस्त तिकिटे काढली. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, भाड्यावरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि रान मोकळे झाले.

पण कंपन्यांपुढे एक पेच होता. मेथी स्वस्त विकली तर सकाळचे गिऱ्हाईकही संध्याकाळीच येणार! म्हणून त्यांनी कुंपण घातले. तिकीट पुष्कळ दिवस आधी घ्या. घेतल्यावर बदलू नका. आणि, यातच खरी मेख आहे, परगावी शनिवारची रात्र काढा. सहलीला जाणारा शनिवारी राहतो. धंद्याला जाणारा शुक्रवारी घरी परततो. एवढ्या एका अटीने प्रवाशांची दोन ताटे वेगळी झाली. व्यापारीही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दर सोमवारी जाऊन गुरुवारी परतणारा जाण्यायेण्याची दोन स्वस्त तिकिटे काढी: एक घरून निघणारे, ज्याचे परतणे दुसऱ्या आठवड्यात, दुसरे परगावाहून उलटे निघणारे. दोन्हींत शनिवार पडे आणि माणूस शनिवारी घरी असे. कंपन्यांनी या युक्तीला मनाई केली. बेत बदलण्याची जी मुभा पूर्वी पूर्ण भाड्याच्या तिकिटातच असे, ती अशा रीतीने तिकिटातून काढून निराळी विकायला ठेवली गेली.

आपल्याकडे सरकारी मक्तेदारीचा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटे आणली, आणि माझ्यासारखा माणूस विमानाची पायरी चढला. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण त्या कुंपणाने काय केले ते पाहा. ते घातले व्यापाऱ्यासाठी. त्याचे भाडे कंपनी देते, ते तिच्या खर्चात धरले जाते आणि अखेर मालाच्या किमतीत मिसळते. मात्र बेंगळुरूला कामाला असलेल्या आपल्या पोराला बाप गेल्याची खबर येते, तेव्हा तोही ऐन वेळचा प्रवासी ठरतो. यंत्राला निकड कळते, निकडीचे कारण कळत नाही. व्यापाऱ्याच्या जाळ्यात शोक करणारा सापडतो.

यावर इलाज नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. २०१६ मध्ये तिकीट रद्द करण्याच्या शुल्कावर मर्यादा आली. साथीच्या काळात मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत देशांतर्गत भाड्याला सरकारी बंधन होते. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि एका मोठ्या कंपनीची अपुरी तयारी यांमुळे हजारो उड्डाणे रद्द झाली; तेव्हाही ५०० किलोमीटरपर्यंत ७५०० रुपयांची कमाल मर्यादा लावावी लागली. मात्र नुसत्या मर्यादेने भागत नाही, हे आपल्या खानदेशाने पाहिले आहे. २३ डिसेंबर २०१७ रोजी 'उडान' योजनेत जळगाव-मुंबई विमान सुरू झाले. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या खुर्च्यांसाठी सुमारे २५०० रुपयांचे बंधन; पण ती सेवा फार काळ नियमित चाललीच नाही. न येणाऱ्या गाडीचे भाडे स्वस्त असून उपयोग काय?

माझे मागणे थोडके आहे. स्वस्त खुर्ची राहू द्या. व्यापाऱ्याकडून जादा घ्यायचे तर घ्या. पण मृत्यू, आजार आणि न्यायालयाची तारीख या तीन कारणांसाठी बेत बदलण्याचा हक्क प्रत्येक तिकिटात परत घाला. या तीन गोष्टी कोणी महिनाभर आधी ठरवत नाही.