विलगीकरण आणि शुश्रूषा : तंजावरच्या एका पत्राच्या निमित्ताने

साथीची बातमी आली की ‘विलगीकरण’ हा शब्द पाठोपाठ येतो. रुग्णाला वेगळे ठेवल्याने इतरांचे रक्षण होते, हे गणित सर्वांना पटते. मात्र वेगळे ठेवलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न त्या गणितात सहसा मांडला जात नाही.

तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांनी २८ जानेवारी १८०१ रोजी ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. निदान रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांचे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळांचे, उत्पन्न तरी राहू द्यावे, अशी राजांची विनंती होती. तिथे काय चालते, हे त्यांनी तपशिलाने सांगितले : आजारी वाटसरूला औषध व योग्य पथ्य मिळते, बरा होईपर्यंत आदराने त्याची सेवा होते, आणि तो दगावला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होतात. पुढे राजवाड्यातील ‘धन्वंतरी महाल’ही याच राजांच्या आश्रयाने नावारूपास आला.

शतक सरता सरता, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. रुग्णांना आर्थर रोड रुग्णालयात हलवले जाऊ लागले. आत गेलेला माणूस परत येत नाही, अशा अफवा पसरल्या आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. सक्तीच्या भीतीने घरोघरी आजार लपवले जाऊ लागले. पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग-रुग्णालये उभारली, तेव्हा लोकांचा विरोध काहीसा निवळला.

शास्त्रालाही तेव्हा संसर्गाची वाट पुरती उमगली नव्हती. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवांकडे बोट दाखवले. पण अनेकांना ते पटले नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग आयोगाने साधा, सुंदर प्रयोग केला. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतील गिनिपिगना प्लेग झाला. पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. गाठीचा प्लेग मुख्यतः पिसवांमुळे पसरतो, हे स्पष्ट झाले. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये मात्र रुग्णाला वेगळे ठेवणे अत्यावश्यकच होते आणि आजही आहे.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते. रुग्णालय देऊ शकत होते ते पाणी, अन्न, स्वच्छता आणि जवळ बसणारे माणूस. छत्राच्या यादीतही जवळपास हेच होते.

संसर्गाची वाट प्रयोगाने ठरते आणि नव्या पुराव्याने बदलते. पण आजार सांगावा की लपवावा, हे रुग्णाचे घर ठरवते, आणि ते ठरते आत गेलेल्याला कसे वागवले जाईल या विश्वासावर. म्हणून शुश्रूषा ही विलगीकरणानंतरची दया नव्हे. ती रोगनियंत्रणाची पूर्वअट आहे.