घोडा, उंदीर आणि सापाचं इंजेक्शन

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरच्या इंजेक्शनची बाटली हातात घेऊन पाहा. काचेची लहानशी बाटली, तळाशी पांढरट पूड. वेळ आली की सिस्टर तीत 10 मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडतात. बाटली जोरात हलवायची नाही, फेस होतो. दोन तळव्यांत धरून हलकेच फिरवायची. वेष्टनावर चार आकडे असतात. एक मिलिलिटर औषध नागाचं 0.60 मिलिग्रॅम विष निकामी करतं, घोणशीचं 0.60, मण्यारीचं 0.45 आणि फुरशाचं 0.45. औषध घोड्याच्या रक्तापासून केलं आहे, हेही तिथे कळतं. पण हे चार आकडे घोड्याकडून आलेले नाहीत. ते उंदरांनी मरून दिले आहेत, आणि त्यांचं नाव वेष्टनावर नाही.

या बाटलीचं कूळ शोधत मागे गेलं की आधी औषध भेटत नाही, कुत्री आणि कोंबड्या भेटतात. कलकत्त्यात जोसेफ फेररने त्यांना नागाचा दंश करवला, कोण कितव्या मिनिटाला कोसळलं हे टिपून ठेवलं आणि त्या काळी प्रसिद्ध असलेले उतारे एकेक करून त्यांच्यावर आजमावले. त्याचा भारतातल्या विषारी सापांवरचा ग्रंथ 1872 साली निघाला. निष्कर्ष उदास करणारा होता: खात्रीचा उतारा एकही नाही. हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. तरी एक मान्य करायला हवं. जडीबुटी आणि विलायती औषधं या सगळ्यांचा दावा त्याने एकाच मापाने मोजला, आणि ती मोजणी त्या मुक्या जिवांच्या अंगावर झाली. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना परवाना सक्तीचा करणारा कायदा 1876 साली आला. हिंदुस्थानातल्या प्रयोगशाळांना तो लागू नव्हता.

1887 साली अमेरिकेत हेन्री स्यूअलने कबुतरांना खुळखुळ्या सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचलं. हळूहळू ती कबुतरं एरवी जीव घेणारी मात्राही पचवू लागली. पुढे पाश्चरच्या परंपरेतला आल्बेर काल्मेत सायगावला असताना पुराच्या पाण्याबरोबर नाग एका गावात शिरले आणि माणसं दगावली. तिथून त्याच्याकडे जिवंत नाग आले. 1894 साली त्याने आणि पॅरिसमधल्या फिझालिक्स-बर्त्राँ या जोडीने वेगवेगळं दाखवून दिलं की विष पचवलेल्या जनावराच्या रक्तातला द्रव दुसऱ्याला वाचवू शकतो. मग मोठ्या प्रमाणावर रक्त देणारं, माणसाळलेलं जनावर हवं झालं, आणि घोडा या कथेत आला. तो अजून सुटलेला नाही.

काल्मेतला वाटत होतं की नागावरचं औषध सगळ्याच सापांवर चालेल. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत आणि नंतर कसौलीत काम केलेल्या जॉर्ज लँबने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की घोणशीपुढे ते निरुपयोगी आहे. ज्या सापावरचा उतारा हवा, त्याचंच विष घोड्याला द्यावं लागतं. आपल्या चार सापांचा एकत्रित उतारा या शोधातून आला. प्लेग प्रयोगशाळेचं 1925 साली हाफकिन इन्स्टिट्यूट झालं, आणि 1940च्या दशकापासून तिथे हा उतारा बनू लागला. ज्या हाफकिनचं नाव संस्थेला आहे, त्यांनी प्लेगची लस आधी सशांना टोचली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला. विषाच्या बाबतीत हा मोठेपणा कुणालाच दाखवता येत नाही. तिथे जनावरच पुढे करावं लागतं.

घोड्याला काय सोसावं लागतं? सुरुवातीला विषाची मात्रा मिलिग्रॅमपेक्षाही पुष्कळ कमी असते. कित्येक आठवडे ती चढवत नेतात. टोचल्या जागी सूज येते, कधी गळू होतं. रक्तात प्रतिपिंडं पुरेशी झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. एका वेळी वजनाच्या दीड-दोन टक्के. चांगल्या ठिकाणी तांबड्या पेशी परत घोड्याला देतात आणि द्रव तेवढा ठेवतात. पण गेल्या दशकात देशातल्या काही उत्पादकांकडे सरकारी तपासणी झाली, तेव्हा रक्तक्षय झालेली, आजारी, जखमा न धुतलेली घोडी आढळली. उतारा हवाच, म्हणून ही हयगय खपवून घ्यायची, हे मला पटत नाही. उतारा हवा आहे म्हणूनच त्या पागेवर आपला डोळा हवा.

आणि उंदीर. 1927 साली ट्रेवान या इंग्रज शास्त्रज्ञाने औषधं मोजायची एक रीत काढली: ज्या मात्रेला निम्मी जनावरं मरतात, ती मात्रा मोजमाप म्हणून धरायची. आजही उताऱ्याच्या प्रत्येक खेपेची ताकद अशीच ठरते. विष आणि औषध एकत्र करून अर्धा तास शरीराच्या उबेइतक्या तापमानात ठेवतात, उंदरांच्या शेपटीच्या शिरेत टोचतात आणि दिवसा-दोन दिवसांनी मेलेले मोजतात. निम्मे मरायलाच हवेत, त्याशिवाय आकडा निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की या उंदरांना वेदनाशामक द्यावं आणि लक्षणं दिसताच तडफड थांबवावी. एवढं तरी सर्वत्र, न चुकता व्हायला काय हरकत आहे?

आपला कायदा 1960 सालचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाने त्याची वाट केली. टाळता येईल तिथे प्राण्यांवर प्रयोग टाळा, असं तो सांगतो. मोठ्या जनावराऐवजी गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर यांवर काम भागत असेल तर मोठं जनावर वापरू नका, असंही सांगतो. या दुसऱ्या कलमापाशी मी नेहमी अडखळतो. दुःख अंगाच्या मापाने कमी-जास्त होतं का? 2023 साली केंद्राने औषध चाचणीच्या नियमांत जनावरांविना होणाऱ्या पद्धतींना जागा दिली, हे पाऊल मला जास्त मोलाचं वाटतं. 2024 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंड दाखवलं. नागासारख्या सापांच्या एका महत्त्वाच्या विषगटाला ते अडवतं. ते उपयोगी पडतं हेही पाहिलं गेलं ते उंदरांवरच.

तोवर घोडे आणि उंदीर कमी कसे लागतील? एक उत्तर विषाच्या प्रतीत आहे. देशातल्या उताऱ्याला लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेकडून येतं, आणि तिथल्या घोणशीचं विष आपल्याकडच्या घोणशीशी तंतोतंत जुळत नाही. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते असं धरतात. एक बाटली 6 मिलिग्रॅम निकामी करते. म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात, आणि विष न जुळल्यास त्याहून जास्त. इथल्या सापांचं विष वापरून उतारा झाला तर रोगीही वाचेल आणि घोड्याचं रक्तही.

दुसरं उत्तर शेतात आहे. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे; बहुतेक खेड्यांतली. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, राहाता भागात उसाला पाणी द्यायचं तर थ्री फेज वीज ज्या वेळी येते त्या वेळी उठावं लागतं, आणि पाळी रात्रीची असेल तर रात्री. अंधारात, चिखलात, अनवाणी बारं मोडताना माणूस घोणशीवर पाय देतो. उसात उंदीर असतात, त्यांच्यामागे साप येतो. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिल्या टप्प्यातला प्रकल्प झाला. उद्देश एवढाच होता की शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. त्या योजनेच्या कागदावर घोड्याचा किंवा प्रयोगशाळेतल्या उंदराचा विचार कुणी केलेला नसणार. पण रात्रीचं एक बारं टळलं, बॅटरी आणि गमबूट असला, तर एक दंश टळतो, आणि एका दंशामागे दहा बाटल्या. प्राण्यांवरचे प्रयोग कमी व्हावेत म्हणून आपल्या जिल्ह्यात एकच गोष्ट मागायची झाली, तर मी उसाच्या प्रत्येक फीडरला दिवसाची वीज मागेन.