संगणकाच्या गाभ्याला ठेवलेली खिडकी



विहिरीचे बांधकाम तुम्ही पाहिले असेल. गवंडी दगडाचे थर लावीत वर येतो, तेव्हा मधून मधून एखादा लांब दगड तो विहिरीच्या आतल्या बाजूला थोडा बाहेर काढून ठेवतो. पुढे गाळ काढायला किंवा पडलेली घागर शोधायला माणूस त्याच दगडांवर पाय देत खाली उतरतो. हे दगड बांधतानाच बसवावे लागतात. विहीर पुरी झाली, पाणी भरले, की मग ते आठवून उपयोग नाही. संगणकाच्या क्षेत्रात नेमका असाच एक प्रश्न उभा राहिला होता. आतला दोष शोधण्यासाठी उतरायची वाट बांधतानाच ठेवायची की नाही? हे घोंगडे सुमारे आठ वर्षे भिजत पडले, आणि त्या हकीकतीत आपल्या नाशिकपासून दोनशे किलोमीटरवर, पुण्यात झालेल्या कामाचा मोठा वाटा आहे. तीच हकीकत आज सांगतो.

संगणक आता कुणाला नवा राहिलेला नाही. सातबाऱ्याचा उतारा संगणकावर निघतो, लासलगावच्या कांद्याचा भाव तुम्ही मोबाइलवर पाहता. यातल्या प्रत्येक यंत्रात एक मूळ कार्यक्रम सतत चालू असतो. कळफलकावरची अक्षरे घेणे, पडद्यावर चित्र उमटवणे, स्मृतीतली जागा वाटून देणे, एकाच वेळी चाललेल्या दहा कामांना पाळीपाळीने वेळ देणे, हा सगळा कारभार तो पाहतो. त्याला ‘कर्नल’ म्हणतात. लष्करातले कर्नल साहेब ते वेगळे, बरं का! हा इंग्रजी शब्द बदामाच्या किंवा दाण्याच्या आतल्या गरासाठी आहे. आपण त्याला गाभा म्हणू.

1991 साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असा एक गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. तोच लिनक्स. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशात आज लिनक्सचाच गाभा आहे. याची मोठी सोय अशी, की त्याचा मूळ मजकूर कुणालाही मिळतो आणि आपल्या यंत्राला हवा तसा गाभा स्वतः घडवून घेता येतो. घडवण्यापूर्वी एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरावी लागते. अमुक सोय हवी की नको? तमुक हवी की नको? असे हजारो प्रश्न आहेत. पूर्वी तर ते ओळीने एकामागून एक विचारले जात, आणि मधेच उत्तर चुकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! पुढे यादी समोर ठेवून हवे त्यावर खूण करण्याची पद्धत आली. या यादीत शेवटी शेवटी एक प्रकरण येते. गाभ्यातले दोष शोधण्याच्या सोयींचे. आपला विषय तो.

दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. 1947 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला, आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण या शब्दाचा जन्म त्या पतंगापासून झाला असे जे सांगतात ते बरोबर नाही. एडिसनने 1878 सालीच एका पत्रात यंत्रातल्या खोडीला हा शब्द वापरला होता. शिक्षकांनी वर्गात सांगताना एवढे ध्यानात ठेवावे.

आता साध्या कार्यक्रमातला दोष शोधायचा असेल तर त्याला मधेच थांबवून विचारता येते, की बाबा, तू आत्ता कुठे आहेस, तुझ्या हातात कोणता आकडा आहे? हे काम करणारे जीडीबी नावाचे साधन रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 साली तयार केले. पण कार्यक्रमाला थांबवतो कोण? गाभा. मग गाभ्यातच दोष असेल तर त्याला कोणी थांबवायचे? आणि थांबवला तर पडदा, कळफलक, तबकडी, सारेच थांबले. बेशुद्ध माणसाला आपली नाडी आपण पाहता येत नाही. शुद्धीवर असलेला दुसरा माणूस लागतो. म्हणून युक्ती अशी निघाली, की दोन संगणक घ्यायचे आणि तारेने जोडायचे. एक रोगी, एक वैद्य. रोग्याच्या गाभ्यात एक छोटासा भाग आधीच बसवून ठेवायचा. बाकी सारे थांबले तरी तो तारेवरून आलेले हुकूम ऐकत राहतो. हुकूम अगदी एकेका अक्षराचे असतात. ‘एम’ म्हणजे स्मृतीतला अमुक पत्ता वाचून दाखव. ‘एस’ म्हणजे एकच पाऊल टाक आणि थांब. ‘सी’ म्हणजे जा, चालू लाग. या छोट्या भागाचे नाव केजीडीबी.

लिनक्ससाठी त्याचा पाया डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रान ऐवाझियन यांनी घातला. तो पुढे वाढवून बरीच वर्षे सांभाळला तो अमित काळे यांनी. 2000 च्या सुमारास हे काम व्हेरिटास या कंपनीच्या नावाने झाले. माहितीच्या साठवणुकीचे सॉफ्टवेअर करणारी ही अमेरिकन कंपनी, आणि तिचे मोठे केंद्र पुण्यात होते. साठवणुकीचे सॉफ्टवेअर गाभ्याच्या आत जाऊन बसते. एखाद्या बँकेचा हिशेब त्यावर चालत असेल आणि यंत्र मध्येच थिजले, तर ‘कुठेतरी काहीतरी बिघडले’ एवढे सांगून भागत नाही. आत उतरून पाहावेच लागते. अशा ठिकाणच्या माणसांना ही वाट हवीशी वाटली यात नवल ते काय!

पण मूळ गाभ्याचा धनी होता टोरवाल्ड्स, आणि त्याला ही वाट नको होती. सप्टेंबर 2000 मध्ये त्याने एका जाहीर पत्रात आपले म्हणणे अगदी रोखठोक मांडले. त्याचा आशय असा: आत डोकावण्याचे साधन हाताशी असले की माणूस दोषाचे वरवरचे कारण शोधतो, तिथे मलमपट्टी करतो आणि पुढे जातो. साधन नसले म्हणजे त्याला मूळ मजकूर वाचून, डोके चालवून समजून घ्यावे लागते. त्यामुळे काम अवघड होईल, काही लोक कंटाळून निघून जातील, तर जाऊ द्या. जे राहतील ते सावधपणे काम करणारे असतील.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरे छापावीत की नाहीत, हा आपल्याकडचा जुनाच वाद आहे. उत्तर आधी पाहून उलटी रीत लिहिणारा मुलगा आपण सर्वांनीच पाहिला आहे. तेव्हा टोरवाल्ड्सच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीपण मला ते अर्धेच पटते. ज्याने घर स्वतः बांधले, त्याला अंधारातही उंबरा सापडतो. दुसऱ्याने बांधलेल्या घरात, हजार कोसांवर बसून, गळती कुठून होते हे शोधणाऱ्याला दिवा मागण्याचा हक्क आहे. पुण्यातल्या अभियंत्यांची अवस्था या दुसऱ्या माणसाची होती.

नकार मिळाला म्हणून काम थांबले नाही. केजीडीबी मूळ गाभ्याच्या बाहेर, ‘पॅच’ म्हणून चालू राहिले. पॅच म्हणजे ठिगळ, आणि शब्द अगदी चपखल आहे. गाभ्याची नवी आवृत्ती दर दोन-तीन महिन्यांनी निघू लागली, की कापडच बदलायचे. कालचे ठिगळ आज बसेनासे व्हायचे; पुन्हा मोजमाप, पुन्हा शिवण. हे कष्ट बाहेरून दिसत नाहीत. पुढे अमेरिकेतील टॉम रिनी, जॉर्ज अँझिंगर अशा मंडळींचे हात त्याला लागले. पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या नावाने 2004 ते 2006 या काळात हे काम चालू होते. नंतर विंड रिव्हर या कंपनीतील जेसन वेसल यांनी ते आपल्याकडे घेतले.

अखेर 2008 च्या आरंभी वेसल आणि हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी त्याची काटछाट केली. गाभ्याच्या इतर भागांना धक्का लागेल असे जे जे होते ते काढून टाकले आणि आटोपशीर रूप पुढे ठेवले. टोरवाल्ड्सने ते स्वीकारले. जुलै 2008 मध्ये निघालेल्या 2.6.26 या आवृत्तीत केजीडीबी मूळ गाभ्यात आले. आले ते एक ऐच्छिक प्रश्न म्हणून. हवे त्याने ‘हो’ म्हणावे, बाकीच्यांच्या गाभ्यात त्याचा मागमूसही राहणार नाही. आठ वर्षांचे घोंगडे एका ‘हो किंवा नाही’च्या चौकटीने सुकले!

त्या प्रकरणातले इतर प्रश्नही मोठे गमतीचे आहेत. एक असा: मोकळ्या झालेल्या स्मृतीत ठरावीक खूण भरून ठेवू का? उंदराची वाट शोधायला आपल्याकडे रात्री जमिनीवर पीठ भुरभुरतात, सकाळी पावले दिसतात. इथेही तसेच. सोडून दिलेल्या जागेत कुणी चोरून लिहिले तर खूण विस्कटलेली सापडते. दुसरा प्रश्न कुलपांचा. एका शेतकऱ्याने बैल आणले आणि तो नांगराची वाट पाहत बसला. दुसऱ्याने नांगर आणला आणि तो त्याच बैलांची वाट पाहत बसला. दोघेही हटेनात, तर पेरणी राहिली. गाभ्यातल्या दोन कामांची अशी अडवणूक झाली की यंत्र थिजते. 2006 मध्ये मोल्नार यांनी अशी सोय आणली, की कोणत्या कामाने कोणते कुलूप कोणत्या क्रमाने घेतले याची नोंद ठेवली जाते आणि प्रत्यक्ष अडवणूक होण्यापूर्वीच इशारा मिळतो.

मग सगळ्याच प्रश्नांना ‘हो’ का म्हणू नये? कारण प्रत्येक ‘हो’ची किंमत असते. नुसत्या आकड्यांच्या पत्त्यांऐवजी मूळ मजकुरातली नावे दिसावीत म्हणून लागणारी माहिती जोडली, तर गाभ्याची फाइल शेकडो मेगाबाइटची होते. कुलपांच्या नोंदी ठेवणारा गाभा मंद चालतो. आणि कधी कधी तर पहारा बसवला की दोषच लपतो! तपासणीसाहेब येणार म्हटले की वर्ग कसा शहाण्यासारखा बसतो, तसेच. पहाऱ्यामुळे कामांचा वेग थोडा बदलतो, आणि ज्या नेमक्या क्षणी दोन कामांची टक्कर व्हायची तो क्षणच टळतो. तिसरी गोष्ट चोराची. वैद्याला उतरायला ठेवलेल्या वाटेने दुसरेही कुणी उतरू शकते. गाभ्याला कडेकोट बंद ठेवण्याची जी व्यवस्था पुढे आली, तिच्यात केजीडीबीची ही वाट उघडी राहिल्याचे आढळले, आणि 2022 मध्ये तीही बंद करावी लागली. म्हणून नित्याच्या वापराचा गाभा वेगळा आणि दोष शोधण्यासाठी मुद्दाम घडवलेला गाभा वेगळा ठेवावा हे उत्तम.

ज्या शाळा-महाविद्यालयांत संगणक आहेत, तिथल्या शिक्षकांना हे प्रत्यक्ष करून दाखवता येईल. आता दोन यंत्रे आणि तार यांचीही गरज नाही. एका संगणकाच्या पोटात दुसरा नकली संगणक चालवता येतो; त्यालाच रोगी करावे. गाभ्याचा मजकूर उतरवून घ्या, यादीतल्या दोषशोधनाच्या प्रकरणात जाऊन केजीडीबीला आणि नावांच्या माहितीला ‘हो’ म्हणा, आणि घडवणीचा हुकूम द्या. जुन्या यंत्रावर याला काही तास लागतात, तेव्हा संध्याकाळी लावून घरी जावे हे बरे. दुसऱ्या दिवशी तो गाभा चालू करा, बाहेरून थांबवा आणि मुलांना आतल्या पडद्यावरचे घड्याळ पाहायला सांगा. सेकंदाचा काटा थांबलेला असेल. मग ‘एस’चा हुकूम द्या. एक पाऊल पुढे पडेल, आणि गाभा त्या क्षणी कोणत्या ओळीवर उभा आहे ते मुलांना नावानिशी वाचता येईल. केजीडीबीच्या मूळ फाइलचा माथाही तेवढ्यातच उघडून दाखवावा. हक्कदारांच्या यादीत व्हेरिटासच्या खाली, 2003 आणि 2004 या सालांसमोर, अमित काळे हे नाव तिथे लिहिलेले आहे.