सरासरी आयुर्मान ३२ वरून ७० वर गेलं, म्हणजे नेमकं काय झालं?

स्वातंत्र्याच्या वेळी भारताचं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. आज ते ७० च्या आसपास आहे. त्यावरून 'पूर्वी लोक तिशीतच मरायचे' असं अनेकांना वाटतं. पण तेव्हाही घरोघरी सत्तरीतले आजी-आजोबा होतेच. मग आकडा इतका कमी का?

आयुर्मान कसं मोजतात?

प्रत्येक वयात मृत्यूचं आजचं प्रमाण कायम राहिलं, तर आज जन्मलेलं बाळ सरासरी किती वर्षं जगेल, याचा हा हिशेब असतो. एक बाळ जन्मताच दगावलं आणि दुसरी व्यक्ती ७० वर्षं जगली, तर सरासरी येते ३५. प्रत्यक्षात पस्तिशीत कुणीच गेलेलं नसतं!

आकडा वाढला कशामुळे?

मुख्यतः लहान मुलं वाचल्यामुळे. १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती; २०२० मध्ये २८. गोवर, धनुर्वात यांच्या लसी, अतिसारावर जलसंजीवनी आणि सुरक्षित बाळंतपण यांचा त्यात मोठा वाटा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच महिलांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९० च्या दशकात तिथल्या गावांमध्ये नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २६ वर आलं.

आता मृत्यूची कारणं कोणती?

१९९० मध्ये देशातले सुमारे ५४ टक्के मृत्यू संसर्गजन्य आजार, कुपोषण, बाळंतपण आणि नवजात बाळांच्या आजारांमुळे होत. २०१६ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर आलं. हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांचा वाटा मात्र ३८ वरून ६२ टक्क्यांवर गेला.

मग पुढची वाढ संथ का?

एक बाळ वाचलं, तर हिशेबात सुमारे ७० वर्षांची भर पडते. पासष्टीतला हृदयविकाराचा रुग्ण वाचला, तर साधारण १५ वर्षांची. त्यामुळे तितकेच जीव वाचवूनही आकडा कमी हलतो. शिवाय लस एकदा-दोनदा टोचली की काम होतं. रक्तदाब आणि साखर मात्र वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. म्हणूनच चाळिशी-पन्नाशीतले मृत्यू टाळणं आता कळीचं आहे. त्यासाठी तंबाखू सोडणं आणि वेळेवर तपासणी करणं महत्त्वाचं ठरतं.

आणि हो, आयुर्मान ७० म्हणजे साठीनंतर फक्त दहा वर्षं उरली, असं नाही. भारतात साठी गाठलेली व्यक्ती सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं जगते.