सूज उतरवणाऱ्या गोळीचा इतिहास

देवगाव फाट्यावरच्या मंडळींनो, सांधे धरले की "ती गोळी द्या, लगेच मोकळं होतं" असं आपण म्हणतो. ती गोळी बऱ्याचदा स्टेरॉइडची असते. तिची गोष्ट ऐका.

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या बाईला कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांतच ती चालू लागली. १९४९ मध्ये एसीटीएच हे पेप्टाइड संप्रेरकही वापरून पाहिलं; ते शरीरालाच स्वतःचं कॉर्टिसोल बनवायला लावतं. १९५० मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं.

पण औषध थांबलं की दुखणं परत यायचं. जास्त दिवस घेतलं की तोंड सुजायचं, हाडं ठिसूळ व्हायची. म्हणजे सूज दबते, रोग जात नाही.

म्हणून नाव नसलेली पुडी घेऊ नका. आधीच चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा.