रक्तातील आरएनए जैवसूचक (घशाचा कर्करोग)

घशाच्या कर्करोगाचे निदान करण्यासाठी, तसेच तो पसरेल का किंवा उपचारानंतर उलटेल का याचा अंदाज बांधण्यासाठी रक्तद्रवात वा रक्तरसात मोजले जाणारे आरएनए रेणू. बहुतेक संशोधन सूक्ष्म-आरएनएवर झाले आहे. सुमारे 22 न्यूक्लिओटाइडांचे हे रेणू स्वतः प्रथिने घडवत नाहीत, इतर जनुकांच्या संदेशांना आवर घालतात. व्हिक्टर अँब्रोस यांनी 1993 मध्ये एका सूत्रकृमीत पहिला सूक्ष्म-आरएनए शोधला. त्यांना व गॅरी रुव्हकुन यांना 2024 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील विकरे उघडा आरएनए चटकन तोडतात. सूक्ष्म-आरएनए मात्र अर्गोनॉट प्रथिनाला चिकटून किंवा पेशींनी बाहेर टाकलेल्या पुटिकांत राहून टिकतो, म्हणूनच ही चाचणी शक्य होते. स्वरयंत्राच्या कर्करोगात एमआयआर-21 हा सूक्ष्म-आरएनए वाढलेला आढळतो. तो पीटेनसारख्या अर्बुदरोधक जनुकांना दाबतो. त्याच्या जोडीला हॉटेअर हा लांब आरएनएही अभ्यासला गेला असून लसीका गाठींपर्यंत पोचलेल्या रोगात दोन्हींचे प्रमाण जास्त आढळल्याची नोंद आहे. पण एमआयआर-21 फुप्फुस, स्तन व मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत, इतकेच काय साध्या दाहातही वाढतो. केवळ त्याच्या जोरावर घशाकडे बोट दाखवता येत नाही.

नासाग्रसनीच्या, म्हणजे नाकामागील घशाच्या, कर्करोगात चित्र अधिक स्पष्ट आहे. तेथील बहुसंख्य गाठींत एप्स्टाइन-बार विषाणू असतो आणि त्याचे स्वतःचे बार्ट सूक्ष्म-आरएनए रक्तात उतरतात. ते मानवी पेशींचे नसल्याने त्यांचे मूळ ओळखता येते. हा रोग दक्षिण चीनमध्ये व भारतात नागालँडमध्ये विशेष आढळतो. तरीही चाळणीसाठी मोठ्या प्रमाणावर पारखली गेली ती याच विषाणूच्या डीएनएची चाचणी: हाँगकाँगमध्ये सुमारे 20,000 पुरुषांच्या तपासणीत 34 रुग्ण सापडले (2017).

आरएनए चाचणीची खरी अडचण नमुन्यापासूनच सुरू होते. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, तर त्यांतील एमआयआर-16 व एमआयआर-451 बाहेर पडतात. आणि एमआयआर-16 अनेक प्रयोगशाळा तुलनेचे माप म्हणून वापरतात. मापच हलल्यावर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणार कसे? नमुना घेण्याची व मोजण्याची एकसारखी शिस्त बसेपर्यंत या चाचण्या संशोधनापुरत्याच ठेवणे योग्य. निदान आजही दुर्बिणीने तपासून, गाठीचा तुकडा काढूनच होते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असल्यास, विशेषतः तंबाखू वा मद्याची सवय असल्यास, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.